आठव्या घरातला मंगळ

यंदा कापूस फुटायला लागला आणि मंगळही कृत्तिकांच्या खालच्या अंगाला येऊन बसला. या दोन गोष्टी एकदम घडायचा योग दर वर्षी येत नाही. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या घराला गच्ची आहे. दिवेलागणीनंतर मी वर जाते. पूर्वेला नव्या इमारती झाल्यामुळे तो आता लवकर दिसत नाही, कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीमागून हळूच वर येतो. तांबडा, शांत, फारसा न लुकलुकणारा. वाळलेले कपडे काढायला आलेली शेजारची सून विचारते, "बाई, काय पाहून राह्यल्या?" मी म्हणते, "ओळखीचा आहे एक." ती हसते आणि कपडे घेऊन खाली जाते. रिटायर मास्तरीणबाईंचं डोकं फिरलंय असं तिला वाटत असणार, आणि मी तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

ओळख मात्र खरी आहे. एकेकाळी तो माझ्या पत्रिकेत आठव्या घरात राहायला होता.

गोष्ट अठ्ठावन सालच्या दिवाळीनंतरची. मी सोळा वर्षांची होते आणि आम्ही नाचणगावला राहायचो. पुलगाव अगदी शेजारी, त्यामुळे गाव आमचं आणि वेळ पुलगावच्या मिलची. घड्याळ गावात दोघा-तिघांकडे होतं, पण भोंगा सगळ्यांकडे होता. बायका भोंग्यावर चूल पेटवायच्या, गडी भोंग्यावर वावरातून परतायचे, आणि कोणाचं कधी काय झालं हे सांगायची पद्धतही तीच: दुपारच्या भोंग्याच्या आधी, रातच्या भोंग्याच्या मागून. भोंगा खोटं बोलेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या वर्षी कापूस उदंड फुटला होता. वेचणीच्या पहिल्या दिवशी मायने वावरात सीतादही केली, म्हणजे फुटलेल्या झाडाची पूजा आणि त्याला दहीभात. मग ओटीला धडपं बांधून बायका ओळी धरून निघाल्या. सकाळच्या दवाने ओला कापूस जड लागतो, ऊन चढलं की हलका होतो. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या. रात्री भाकरी मोडताना त्या झोंबायच्या. घरात ओसरीवर, माळ्यावर, बाजेखाली, जिथे जागा मिळेल तिथे कापूस. झोपायला अंगाखाली जमीन सापडायची नाही. आजही कुठे जिनिंगजवळून बस गेली की सरकीचा तो तेलकट, उबट वास येतो आणि मी सोळा वर्षांची होते. त्या वयात मी सुखी होते असं मात्र नाही.

आमच्यात पत्रिका करायची रीत नव्हती. नावावरून रास पाहायची आणि लग्न ठरवायचं, इतकंच. पण अठ्ठावनच्या तीन वर्षं आधी मी सातवी पास झाले, पुढे शिकू लागले, आणि शिकलेल्या मुलीला शहरातली स्थळं येतील, शहरातले लोक पत्रिका मागतील, असं बाबांनी मनाशी धरलं. त्यांनी पुलगावच्या जोशी महाराजांना घरी बोलावलं. महाराजांनी जन्मवेळ विचारली. माय दाराआडून म्हणाली, "दिवाळीच्या तोंडावर. मी सकाळी कापूस वेचून आलती. चारचा भोंगा वाजला अन् हे रडली." महाराजांनी चार लिहिले. त्याच दिवशी, त्याच ओसरीवर, दोन घरं पलीकडच्या यमुनेचीही पत्रिका झाली, कारण महाराज आलेच आहेत तर तिच्याही बापाला हौस आली. यमुना माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान, माझी जिवाची मैत्रीण. तिची वेळ सांजच्या सातच्या भोंग्याची. तिची पत्रिका निर्मळ निघाली. माझा मंगळ आठव्या घरात निघाला.

आठव्यातला मंगळ म्हणजे काय ते मला लवकरच कळलं. नवऱ्याच्या आयुष्यावर. पहिलं स्थळ त्यावरून परतलं, मग दुसरंही. बाया पाणवठ्यावर मला पाहून आवाज खाली करायच्या. माय दर मंगळवारी मारुतीच्या देवळात ओंजळभर मसूर ठेवून यायची, का तर मंगळाचं धान्य मसूर. मी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, तरी ज्याला मी पाहिलंही नव्हतं अशा माणसाच्या मरणाची मी धनीण ठरले होते. मला त्याची लाज वाटायची. राग यायला पुष्कळ वर्षं लागली.

तिसरं स्थळ वर्ध्याचं होतं, पोस्टातला कारकून. त्याला मी पाहिलं होतं. तो दोन महिने पुलगावच्या पोस्टात बदलीवर होता, आणि मामाला कार्ड टाकायला गेले तेव्हा पत्ता वाचून म्हणाला होता, "तुमचं अक्षर छान आहे." मला तोवर कोणी 'तुमचं' म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत होते. त्याच्याच घरून विचारणा आली तेव्हा मी दिवसभर कापसाच्या ढिगामागे तोंड लपवून बसले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तुळशीचं लग्न झालं की येऊ, त्याआधी पत्रिका पाठवा.

याच दिवसांत वानखडे गुरुजींनी आभाळ दाखवायला काढलं. गुरुजी आमच्या शाळेत गणित शिकवायचे. मूळचे वर्ध्याचे, बाप रेल्वेत. उंच, किडकिडीत आणि आपल्या हिशेबाचा भारी अभिमान असलेला माणूस. फळ्यावर बेरीज मांडताना ते खाली रेघ आधी ओढायचे आणि उत्तर पुसायला कापड हातात कधी धरायचे नाहीत. त्यांनी रॉकेलच्या डब्यांचा पत्रा वळवून लांब नळी केली होती, भिंगं वर्ध्याच्या चष्मेवाल्याकडून घासून आणली होती आणि ती नळी बांबूच्या तिवईवर चढवली होती. मंगळ पृथ्वीजवळ येणार, तर गावाने तो पाहिलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. कोतवालाने डफडं वाजवत दवंडी दिली, "आयका हो, आज सांजच्याले शाळेच्या मैदानात मंगळ दाखवनार हायेत हो, लहानमोठ्यानं येजो हो." गावात खळबळ उडाली. मंगळ आजवर नुसता लागत असे, दाखवत कोणी नसे.

पहिल्या दिवशी माणसं आली ती चपला बाहेर काढून. दुर्बिणीला हात लावून तो कपाळाला लावायची, मग डोळा लावायची. दुसऱ्या दिवशी तिवईच्या एका पायाला हळदकुंकू लागलेलं होतं. गुरुजी वैतागले. "अरे, रॉकेलचा पत्रा आहे हा," असं ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक जण मान डोलवून नमस्कार करी. बायांची रांग वेगळी. लग्नाच्या मुलींना त्यांच्या आया घरीच ठेवत. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या गोंड बाया रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांना आभाळ आधीपासून ठाऊक होतं. उशिरा उगवणाऱ्या तीन ताऱ्यांना त्या पेरणीच्या औतावरून तिफन म्हणायच्या, आणि मंगळाचं विचारलं तर त्यांतली एक म्हणाली, "तो हिंडता हाय, त्याचं काय घेऊन बसली?" आमचे एक शेजारी, ज्यांनी दोन पोरींच्या लग्नाआधी मंगळाची शांत केली होती, ते पुष्कळ वेळ नळीत पाहत राहिले आणि बाजूला होऊन म्हणाले, "एवढुसाच हाय?" त्यांच्या आवाजात फसवलं गेल्यासारखं काही तरी होतं.

मी पाहिला तो तिसऱ्या दिवशी. गुरुजी म्हणाले, "तू तर पाहायलाच पाहिजे." नळीच्या तोंडाशी काळोख, मग त्यात एक तांबूस दाणा आला, मसुरीच्या डाळीएवढा, किंचित थरथरणारा. दोन श्वासांत तो कडेला सरकायचा आणि गुरुजी नळी हलवून त्याला परत आणायचे. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. एवढी वर्षं माझ्या मानगुटीवर बसलेला तो हाच, आणि त्याला नाचणगाव ठाऊकही नसेल. मला रडू आलं ते सुटल्यासारखं वाटून आलं. पण सुटका दुर्बिणीत झाली होती, वर्ध्याच्या त्या घरात झाली नव्हती.

गुरुजींना माझी पत्रिका पाहायची होती ती चेष्टेखातर. जन्माच्या वेळी मंगळ आभाळात नक्की कुठे होता ते जुन्या पंचांगावरून काढायचं आणि वर्गाला दाखवायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी ते रविवारी दुपारी घरी आले आणि मायला जन्माची हकीगत विचारू लागले. माय म्हणाली, "भोंगा चारचा होता जी. पन ऊन लय होतं. घराची सावली तुळशीले भिडली बी नोती." गुरुजी लिहिता लिहिता थांबले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. दिवस तेच होते, दिवाळीच्या आसपासचे. घर तेच, तुळस तीच. ते मनगटावरचं घड्याळ काढून अंगणात उकिडवे बसले. तीन वाजता घराची सावली वृंदावनापासून हातभर अलीकडे होती. चार वाजेस्तोवर तिने वृंदावन गिळून पलीकडचा गोठा गाठला होता.

"तुमची आठवण चुकत असेल," गुरुजी म्हणाले.

"लेकरू झालं तवाची सावली बाई इसरते का?" माय म्हणाली.

ते दोन दिवस गुरुजी वर्गात असून नसल्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांना आपलं लहानपण आठवलं होतं. लढाईच्या दिवसांत सरकारने देशभरची घड्याळं तासभर पुढे केली होती. वर्धा स्टेशनवर त्यांच्या वडिलांच्या ड्यूट्या त्याने उलट्यापालट्या झाल्या होत्या, आणि घरात महिनाभर त्यावरून चिडचिड चालली होती. मिलचं घड्याळ सरकारी, तेव्हा भोंगाही तासभर आधी होत होता. पुढे लढाई संपली, घड्याळं मागे आली आणि लोक ते विसरून गेले. भोंग्याला चार म्हटलेले सूर्याचे तीन होते. जोशी महाराजांनी माझ्या जन्मानंतर बारा-तेरा वर्षांनी पत्रिका मांडली ती आजच्या घड्याळाने.

"तास मागे घेतला की घर बदलेलच असं नाही," गुरुजी म्हणाले. "पण तुझं बदलतं. मी तीनदा मांडून पाहिलं. तुझा मंगळ आठव्यात नाही, नवव्यात आहे."

"नवव्यात म्हणजे?"

"भाग्यस्थान म्हणतात हे लोक." मग त्यांना आपणच हे बोललो याची लाज वाटून ते म्हणाले, "अर्थात हे सगळं थोतांड आहे."

मी घरापर्यंत धावत गेले. त्या संध्याकाळी बाबांनी मला दोनदा विनाकारण हाक मारली. माय चुलीशी बसून पदराने डोळे पुसत होती आणि पुन्हापुन्हा म्हणत होती, "मी म्हनतच होती, सावली भिडली नोती." बाबा दुसऱ्या दिवशी गुरुजींना जाऊन भेटले. जोशी महाराजांना दाखवायला चार ओळी लिहून द्या, म्हणाले. गुरुजींनी सोमवारी देतो म्हणून सांगितलं. मी मनातल्या मनात वर्ध्याच्या पत्त्यावर पत्रं लिहायला लागले होते.

आनंदात माणूस मैत्रिणीकडे जातो, तशी मी यमुनेकडे गेले. तिचं लग्न पवनारच्या एका शेतकऱ्याच्या घरी ठरलं होतं. मार्गशीर्षातली तिथी निघाली होती, घरात हळकुंडं फोडून झाली होती, ओसरीवर शेवया वाळत होत्या. तिने मला नव्या साड्या दाखवल्या आणि साड्यांच्या घडीत ठेवलेली, दोन्हीकडच्या गुणांची जुळणी झालेली पत्रिकाही दाखवली. ती कौतुकाने दाखवत होती आणि मी वर लिहिलेली वेळ वाचत होते. सांजचे सात. भोंग्याचे सात. माझ्यामागून सहा महिन्यांनी, लढाईच्याच दिवसांत. म्हणजे तिचाही तास मागे जाणार होता. तिची आई गुळाचं पाणी घेऊन आली तोवर मी ती कुंडली डोळ्यांनी पाठ करून घेतली होती.

घरी येऊन ती कागदावर उतरवली आणि सोमवारी शाळा सुटल्यावर तो कागद मी गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी पंचांग काढलं. एकदा मांडलं, पुसलं नाही, शेजारी दुसऱ्यांदा मांडलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहाव्यातला सातव्यात जातो," ते म्हणाले. सातवं घर लग्नाचं.

आम्हा दोघांनाही पुढचं दिसत होतं. गुरुजींच्या चार ओळी जोशी महाराजांच्या हाती पडल्या की ते यमुनेची पत्रिका आपण होऊन काढणार. जोशी महाराज सरळ माणूस होते, आणि हीच अडचण होती. लबाड असते तर त्यांना गप्प बसवता आलं असतं. आपली चूक कळल्यावर ते स्वतः पवनारला जाऊन सांगून आले असते. ठरलेलं लग्न मंगळावरून मोडलेली मुलगी आणि मुळात न ठरलेली मुलगी यांत फरक असतो. मला निदान सवय झाली होती.

"शांता, मंगळ काही करत नाही," गुरुजी म्हणाले.

"ते मले मालूम हाय, गुरुजी. यमुनेच्या सासऱ्याले नाई मालूम."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तू ठरव असं मी म्हणणार नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात घालायची गोष्ट नाही ही." पण त्यांनी स्वतःही काही ठरवलं नाही. बाबांना त्यांनी 'उद्या देतो' म्हणून परत पाठवलं.

मी मोठ्या मनाची होते असं कोणी समजू नये. ते दोन दिवस मी यमुनेचा मनापासून द्वेष केला. तिच्या साड्यांचा, तिच्या शेवयांचा, तिच्या सातच्या भोंग्याचा. तिचं लग्न होऊन जाऊ दे आणि मग सांगू, असंही मनात आलं. पण वर्ध्याचे लोक थांबणारे नव्हते, आणि लग्न झाल्यावर कळलं तर सासरी तिची काय गत होईल हे मला दिसत होतं. मध्येच वाटायचं, तिचं तिच्या नशिबाने, मी का मरू. वावरात कापूस वेचताना मी सबंध एक ओळ सोडून पुढे गेले, मागून माय ओरडली तेव्हा कळलं. शेवटी मी कसल्या विचाराने ठरवलं ते मला आज सांगता येत नाही. एवढं आठवतं, की यमुना गल्लीतून जाताना नेहमीसारखी हाक मारून गेली, "शांते, येजो व सांजच्याले," आणि मी शाळेकडे निघाले.

"गुरुजी, तुमी बाबाले सांगा, हिशेब चुकला," मी म्हटलं.

ते दचकले. "माझा हिशेब चुकत नाही."

"एक डाव चुकवा."

त्या माणसाला मी केवढं मागत होते हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं, खडूची पेटी उगाच सरळ ठेवली. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. लढाईतलं घड्याळ मिलच्या भोंग्याला लागलंच नव्हतं, म्हणाले, मी रेल्वेचं मिलला लावून गफलत केली, चार म्हणजे चारच. खोटं बोलताना ते बाबांकडे न पाहता कापसाच्या ढिगाकडे पाहत होते.

"मंग सावली?" मायने विचारलं.

"सावलीचं काही खरं नसतं, बाई," गुरुजी म्हणाले. सावलीवर ज्याचा सगळ्यात जास्त विश्वास त्याने हे म्हटलं. मायने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चुलीतलं लाकूड पुढे सारायला उठले. तिने पुढे आयुष्यभर मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मंगळवारचे मसूर मात्र त्या आठवड्यापासून बंद केले.

मग बाबा बोलले. "चूक मानसाकूनच होते, गुरुजी. पन मले आशा काऊन लावली?"

गुरुजी उठून गेले तेव्हा त्यांची छत्री आमच्याकडेच राहिली. गावाला महिनाभर करमणूक झाली. पारावर लोक म्हणायचे, "गुर्जीले आभायातलं दिसते, मनगटावरलं घड्याळ दिसत नाई." पोरं वर्गात बेरीज विचारून एकमेकांना कोपरं मारायची. फळ्यावर रेघ ओढायच्या आधी गुरुजी आता किंचित थांबू लागले. वर्ध्याच्या लोकांनी पत्रिका परत पाठवली. पुढल्या जूनमध्ये गुरुजींची बदली झाली आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढचं थोडक्यात. चौथं स्थळ आलं नाही. मी मॅट्रिक झाले, ट्रेनिंगला वर्ध्याला गेले, मास्तरीण झाले आणि तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना रेघ ओढायला शिकवलं. पोस्टात कामाला जावंच लागायचं. खिडकीत तोच कारकून असायचा, पुढे चष्मा लागलेला, पुढे टक्कल पडलेला, आणि मला ओळखत नव्हता. वाईट वाटायचं, कधी फार वाटायचं, मग पगाराच्या कामाच्या धबडग्यात कमी झालं. आयुष्य वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ते मी निवडलं होतं, असं म्हणून मिरवायचीही माझी तयारी नाही.

यमुना पवनारला सुखात नांदली. दुसऱ्या मुलाच्या बारशाला मी गेले होते तेव्हा पाळण्याची दोरी ओढता ओढता ती म्हणाली, "तुह्यासारखं मोकळं राह्यलेलंच बरं व शांते, आमाले पाहा, जीव कावून गेला." तेव्हा सगळं माझ्या ओठांशी आलं होतं. मी दोरी तिच्या हातातून घेतली आणि पोराला झोके देत बसले. तिचा नवरा आजही आहे. कानाने कमी ऐकतो, पण धाम नदीकाठच्या वावरात रोज चक्कर मारतो आणि मला पाहिलं की संत्र्यांची पिशवी भरून देतो. लग्नाच्या घरात मंगळ असलेली बाई इतकी वर्षं नवऱ्याशी भांडत, हसत, त्याची औषधं मोजत जगली. मंगळ काही करत नाही याचा एवढा भक्कम पुरावा माझ्याकडे होता, आणि तो एकाही आईबापाला दाखवता येत नव्हता. मंगळावरून रडणाऱ्या किती पोरी माझ्या वर्गातून गेल्या. मी त्यांना गच्चीवर नेऊन तो दाखवायचे, एवढंच करू शकले. आता लिहिते, कारण आता तिचं मोडण्यासारखं काही उरलेलं नाही. यमुना हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे.

त्या मोसमातली शेवटची संध्याकाळ मात्र मला विसरता येत नाही. यमुनेच्या हळदीला दोन दिवस होते. मैदानात गर्दी नव्हती. हसं झाल्यावर गुरुजींकडे कोण येणार; ते एकटेच तिवई मांडून उभे राहत आणि मी जाऊन नळी धरत असे. बांगड्या भरून झाल्या तशी यमुना तडक तिथे आली, मागून तिची चुलती. "नवरीनं पाहू नये व, अपशकून हाय," चुलती सांगत होती. यमुनेने ऐकलं नाही. लहानपणापासून ती तशीच होती.

तिने डोळा लावला. मनगटांवरच्या हिरव्या बांगड्या नळीवर किणकिणल्या तशी मी तिचे हात धरून बाजूला केले. ती खूप वेळ पाहत राहिली.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला. लाल हाय. थरथरून राह्यला." मग डोळा न काढताच ती हळूच म्हणाली, "शांते, पवनारले गेली की मी धामेत दिवा सोडीन. तवा मागीन, हा माह्या शांताच्या वाटंतून जाऊ दे म्हनून. सवाष्णीचं मागनं देव आयकते म्हन्तात."

गुरुजी तिवईचा बांबू आवळत होते. त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"माग," मी म्हटलं.

मंगळ कडेला सरकला होता. मी नळी थोडी हलवून तो तिच्या डोळ्यासमोर आणून ठेवला, आणि तिचं पाहून होईपर्यंत नळी हलू दिली नाही.